तुकडा सापडेपर्यंत

"हात दाखवा," ते म्हणाले.

मी फाइल पुढे केली होती. आमच्या घरात तोवर कुणाच्याही नावावर नसलेला कागद, इंजिनिअरिंगची डिग्री, तिच्यात सगळ्यात वर लावला होता. त्यांनी फाइल उघडलीच नाही. कोपरानं बाजूला सरकवली आणि पुन्हा म्हणाले, "हात. दोन्ही. बोटं फाकवून."

माझे वडील शेजारच्या खुर्चीच्या काठावर बसले होते. आम्ही अंजनगाव सुर्जीहून पहाटेच्या एसटीनं अकोल्याला आलो होतो. पानमळ्यात राबणारा माणूस, कारखान्याच्या ऑफिसात पहिल्यांदाच शिरला होता. परक्या माणसानं पोरीचे हात मागितल्यावर त्यांची चुळबुळ सुरू झाली. मग त्यांना वाटलं, हे साहेब हस्तरेषा पाहत असतील. ते अदबीनं म्हणाले, "साहेब, पत्रिका बी हाये पोरीची. पाठवू का?"

"पत्रिका नको. माझ्या वडिलांनी जन्मभर अमरावतीत लोकांच्या पत्रिकाच पाहिल्या. पोट भरलं, पण कुणाचं काही टळलं नाही." त्यांनी माझं एकेक बोट हवेतच मोजलं. "दहा आहेत. इथून जाल तेव्हा दहाच घेऊन जायची. बांगड्या उद्यापासून नको, ओढणी नको. चला, या कामाला."

एवढीच माझी मुलाखत.  बाहेर एमआयडीसीच्या फाटकापाशी चहा घेताना वडील म्हणाले, "माणूस चक्रम हाये. पण पोरी, तुह्या कागदाआधी त्यानं तुले पाहिलं."

टूलरूमचे, म्हणजे यंत्रांचे साचे घडवण्या-दुरुस्त करण्याच्या विभागाचे, ते प्रमुख. कारखान्यात त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, आणि पाठीमागे 'थांबा साहेब'. कारण त्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारा शब्द तोच. प्रेस, म्हणजे ठोके मारून पत्रा कापणारं मोठं यंत्र, चालू असताना ते डोळे मिटून तिच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहत आणि अचानक म्हणत, "थांबा." ऑपरेटर गजूभाऊ कपाळावर हात मारून बटण दाबत. कधी खरंच काही निघे. पुष्कळदा काहीच निघत नसे. काही नाही निघालं तर ते ओशाळत नसत. "बरं झालं, काही नाही," असं म्हणून पुढे जात.

आमचा कारखाना पितळेच्या छोट्या टर्मिनल क्लिपा बनवतो. मोटरसायकलच्या वायरीच्या टोकाला, प्लास्टिकच्या टोपीच्या आत ती असते. नखाएवढी. तिला बनवणारी डाय, म्हणजे पोलादी साचा, मात्र हातभर लांब. कॉइलच्या गुंडाळीवरून पितळेची पट्टी डायमध्ये शिरते आणि प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला एकेक पाऊल पुढे सरकते. पहिल्या मुक्कामाला भोकं पडतात, पुढच्याला कडा कापल्या जातात, मग वाकवणं, मग दाबून बसवणं, आणि शेवटी क्लिप सुटी होऊन खाली पडते. सगळे मुक्काम एकाच वेळी काम करत असतात. मिनिटाला शेकडो ठोके. कान सरावला की त्याचं एक सलग गुरगुरणं होतं.

डाय उघडून ती पट्टी अलगद बाहेर काढली तर तिच्यावर क्लिपेचा सगळा जन्म ओळीनं दिसतो. सरांना तिचं भारी वेड. गजूभाऊंच्या मुलीच्या लग्नात त्यांनी अशीच एक पट्टी काचेच्या फ्रेममध्ये बसवून आहेर केली. बाकी भांडीकुंडी, भिंतीवरची घड्याळं, आणि मध्ये हे. नवरदेवाच्या मामानं विचारलं, "हे काय हो, नकाशा हाये का?"

"संसार आहे," सर म्हणाले. "पहिली भोकं नीट पडली पाहिजेत. त्यांच्याच आधारानं पुढचं सगळं बसते. ती चुकली की शेवटपर्यंत चुकत जाते."

मामा नम्रपणे म्हणाले, "बरोबर हाये जी," आणि गजूभाऊंना बाजूला घेऊन विचारलं, "याईले बरं हाये ना?"

सर एकटे राहत. अकोल्यात एक खोली होती, स्वयंपाक हातानं करत, शनिवारी अमरावतीला घरी जात. त्यांचे एक काका वकील, एक शिक्षक, वडील पौरोहित्य करणारे. त्या घरातला मुलगा यंत्राच्या ग्रीसमध्ये हात घालायला गेला याचं नातेवाइकांना आयुष्यभर नवल वाटत राहिलं. ते स्वतः पदवीधर होते, पुण्यात नोकरी करून आलेले होते. नम्रपणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. "या जिल्ह्यात डाय मला कळते, दुसऱ्या कोणाला कळत असन तर दाखवा," असं ते मालकांच्या तोंडावर सांगत. एरवी शहरी मराठी बोलणारे सर, रागावले की थेट वऱ्हाडीवर येत.

रागवायला त्यांना एक शब्द पुरे होता. 'चालते.' आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला हे उत्तर आहे. बोल्ट थोडा ढिला आहे, चालते. तेल कमी आहे, चालते. सर लगेच विचारत, "चालते म्हणता? किती बोटं गेलेली चालतीन ते आधी सांगा. एक? दोन? घरी विचारून या."

मला वाटायचं, यांनी कधीतरी काही भयंकर पाहिलेलं असणार. एकदा जेवणाच्या सुट्टीत धीर करून विचारलं, "सर, पुण्यात असताना कुणाचा हात वगैरे..."

भाकरीवर ठेचा घेता घेता ते थांबले. "कोणाचाच नाही. माझ्या हाताखाली कोणाचंच काही झालं नाही, कधीच नाही."

"मग एवढं...?"

"मग म्हणजे? झाल्यावर सुरू करायचं का?"

त्यांचा सगळ्यात कडक नियम चावीचा. प्रेसच्या पॅनेलला एक चावी असते. ती काढली की मोटर लागत नाही. सरांचा नियम असा, की ज्याचा हात डायमध्ये, चावी त्याच्याच खिशात. शेजाऱ्याच्या नाही, टेबलावर नाही. मी रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पट्टी सरळ करायला हात आत घातला तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "इंजिनेरबाई, चावी?" मी म्हटलं, गजूभाऊंकडे. "गजूभाऊ तुमचे कोण?" मी म्हटलं, सर, ते समोरच उभे आहेत. "त्याले शिंक आली तर?" आजही मी ड्रेस शिवायला टाकते तेव्हा शिंपिणीला आधी खिसा सांगते. ती हसते. माझा पगार, माझ्या हाताखालची माणसं, आई आता सांगते ती 'आमची पोरगी कारखान्यात साहेब हाये' ही ओळ, या सगळ्याचं मूळ मला त्या नियमात दिसतं. मला हाताला धरून शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुसरा नियम तुकड्यांचा. डायमध्ये भोकं पाडणारे पोलादी पंच असतात, काही तर दाभणाएवढे बारीक. कधीतरी एखादा तुटतो. नवा पंच बसवून प्रेस चालू करायला फारसा वेळ लागत नाही. पण सर तसं करू देत नसत. तुटलेल्या पंचाचे सगळे तुकडे टेबलावर जोडून अख्खा पंच दिसला पाहिजे, तेव्हाच प्रेस चालू. एक कण जरी आत राहिला आणि त्यावर ठोका बसला, तर डाय फुटते. ती डाय गिऱ्हाईक कंपनीची होती, आणि तसली दुसरी नव्हती. तुकडा क्लिपेबरोबर गेला तर तो कुणाच्या गाडीच्या वायरीत जाऊन बसेल ते सांगता येत नाही. हे सगळं खरं होतं. पण तुकडा शोधण्यात अख्खी पाळी जाई, हेही खरं होतं.

मालकांचं आणि त्यांचं यावरूनच वाजत असे. मालक म्हणजे आमचे शेठजी. वाईट माणूस नव्हे. घरचा पिढीजात कापसाचा धंदा सोडून त्यांनी हा कारखाना काढला होता, आणि घरचे त्यांना हसत होते. एका गणपतीत सर प्रेसची चावी खिशात विसरून अमरावतीला निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी पाळी हात बांधून बसली. फोनवर शेठजी ओरडले, "अहो, चावी!" सर म्हणाले, "हो, खिशातच आहे, सुरक्षित आहे," आणि दुपारच्या एसटीनं ती घेऊन परत आले. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. शेठजी हसले नाहीत. त्यांनी नंतर पॅनेलवाल्याकडून गुपचूप दुसरी चावी करून घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सरांना तर नाहीच.

मग तो मे महिन्यातला दिवस आला.

अकोल्यातला मे. पत्र्याखाली उभं राहिलं की डोकं भणभणतं. मोठे कूलर घरघरत होते, कॉम्प्रेसर ठणाणत होता, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. पुण्याकडची कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा माल आधीच मागे पडला होता. त्या दिवशी संध्याकाळी गाडी येणार होती आणि कंपनीनं साफ कळवलं होतं, की आज गाडी रिकामी परतली तर डाय उचलून दुसरीकडे देऊ. शेठजींनी सकाळीच सगळ्यांना जमवून सांगितलं. सरांकडे बघून म्हणाले, "आज 'थांबा' नको, सर. हात जोडतो. आज प्रेस थांबली तर उद्या तुमी येऊ नका."

सर म्हणाले, "बरं."

दुपारी पंच तुटला.

आवाजात फरक पडताच गजूभाऊंनी प्रेस थांबवली, तेव्हा सर तिथे पोचलेही होते. डाय उघडली. नवा पंच बसवला. टेबलावर पांढऱ्या कागदावर तुटके तुकडे जोडले. पंच दिसला, पण टोक नव्हतं. तांदळाच्या कणीएवढं टोक.

शोध सुरू झाला. पॅकिंगच्या बायकांनी शेवटचा माल चादरीवर पसरला. त्या लोहचुंबक फिरवत होत्या. पितळ चुंबकाला चिकटत नाही, पोलाद चिकटतं, म्हणून. भंगाराची पेटी उपडी केली. झाडू मारला, केर चाळला. काही नाही. पॅकिंगमधली बेबीताई घाम पुसत म्हणाली, "सुई हरवली तर माणूस दुसरी घेते बाप्पा. इथं तुटकी सुई पायजे याईले."

शेठजी ऑफिसातून धावत आले. "काहून बंद हाये?"

"टोक सापडत नाही," सर म्हणाले.

"भंगारात गेलं असन."

"मग भंगारात दाखवा."

"सर, गाडी जवळ येऊन राहिली! ही ऑर्डर गेली तर दुसरी पाळी मले बंद करा लागते. या बायाईले मी काय सांगू?"

"त्याईले काय सांगायचं ते तुमचं काम. डायवर ठोका पाडायचा का नाही, हे माझं."

"डाय तुमच्या बापाची नाही!"

"तुमच्याही बापाची नाही," सर म्हणाले. "म्हणून तर."

शेठजींचा चेहरा लाल झाला. ते पाय आपटत ऑफिसकडे गेले. बायका खाली मान घालून माल चाळत राहिल्या. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस घाबरतोही.

"इंजिनेरबाई, चावी काढून द्या," ते म्हणाले. मी चावी दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून चापटली. "टूलरूममधून लांब दांडीचं चुंबक आणा. मी मागून बघतो."

प्रेसच्या मागच्या बाजूला सांगाड्यात एक अरुंद खिडकी आहे. तिच्यातून खांद्यापर्यंत हात घातला तर डायच्या पाठीमागची फट चाचपता येते. असं करताना डायच्या वरच्या आणि खालच्या भागांच्या मध्ये आधी लोखंडी ठोकळा घालतात, म्हणजे काही झालं तरी वरचा भाग खाली येणार नाही. ठोकळा नेमका त्यांना हवा त्याच जागी आडवा येत होता. त्यांनी तो काढला. चावी खिशात होती. गुडघ्यांवर बसून, गाल लोखंडाला लावून, त्यांनी हात आत घातला. समोरून पाहिलं तर प्रेसमागे कुणी आहे हे दिसणं शक्यच नव्हतं.

मी टूलरूममध्ये गेले. चुंबक खुंटीवर नव्हतं, ते एका खोक्यामागे मिळालं. परत येताना दारातच माझा पाय अडखळला. कूलरच्या घरघरीखालून एक वेगळा आवाज येत होता. प्रेसचं मोठं चाक फिरू लागल्याचा.

शेठजी पॅनेलपुढे उभे होते. पॅनेलला चावी लागलेली होती.

क्षणभर मला वाटलं सर निघाले असतील, चावी त्यांनीच दिली असेल. मग दारातून, बाजूनं पाहताना, प्रेसच्या मागे मला त्यांचे बूट दिसले. तळवे माझ्याकडे, बोटं जमिनीत रुतवलेली, हात ओढून काढायला बघणाऱ्या माणसाचे पाय. बाही खिडकीच्या कडेला अडकली होती. ते ओरडत असणार. काहीच ऐकू येत नव्हतं.

प्रेसचे ठोके सुरू करायला दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबावी लागतात. शेठजींचा डावा हात एका बटणावर होता. उजव्या हातानं ते कपाळाचा घाम पुसत होते.

मी ओरडले. माझा मलाच आवाज आला नाही. मी धावले. ते अंतर मला आजही स्वप्नात संपत नाही. शेठजींचा उजवा हात खाली येत होता तेव्हा मी त्यांच्या अंगावरच जाऊन पडले आणि पॅनेलवरच्या लाल बटणावर दोन्ही पंजे आपटले.

मोटर बंद झाली. पण चाक लगेच थांबत नाही. ते आपल्या वजनानं फिरत राहतं.

"वेड लागलं का?" शेठजी ओरडले.

"सर आत आहेत."

"टूलरूममधी गेले ना ते?"

"आत आहेत."

शेठजी प्रेसच्या मागे बघायला गेले, आणि त्यांनाही ते बूट दिसले. बाहेर केर चाळत बसलेले गजूभाऊ धावत आले. कुणीतरी कूलर बंद केले, कॉम्प्रेसर बंद केला. शेडमध्ये आता फक्त चाकाचा आवाज उरला. सूं, सूं. तो कमी होत गेला. बेबीताईनं पदर तोंडात धरला होता. चाक पूर्ण थांबल्यावर गजूभाऊंनी मागे जाऊन हलकेच बाही फाडली, आणि सरांनी हात बाहेर काढला. कोपरापासून मनगटापर्यंत खरचटून रक्त आलं होतं. एवढंच. त्यांनी हाताची मूठ वळली, उघडली.

मग ते पॅनेलपाशी आले. पॅनेलला लावलेल्या चावीकडे बघितलं. आपल्या खिशातली चावी काढून बघितली.

"दुसरी कधी केली?"

"तुमी गणपतीले गेल्ते तवा," शेठजी म्हणाले. "मले वाटलं तुमी... मले खरंच वाटलं, सर..."

आम्हाला वाटलं आता सर भडकतील. मी तर वाटच पाहत होते. ते मात्र एखादं अवघड गणित चुकलेल्या मुलासारखे उभे होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं सगळ्यांना चावी चावी करत आलो. दुसरी चावी आहे का, हे मी कधी विचारलंच नाही. आणि ठोकळा मी काढला."

"नाही, सर..."

"आता 'नाही' म्हणून काय होते? विचारायला पाहिजे होतं."

शेठजी तिथेच पितळेच्या कॉइलवर बसले. पांढरा सदरा तेलात माखला, त्यांना कळलंही नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कंपनीचा होता. ते बघत राहिले. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला.

सरांनी पॅनेलची चावी काढली. आता दोन्ही चाव्या त्यांच्या खिशात गेल्या. गजूभाऊंना म्हणाले, "ठोकळा आण. दुसऱ्या बाजूनं बसव, मी कसाही हात वळवतो." माझ्याकडे हात पुढे केला. मी अजून ते चुंबक घट्ट धरून होते. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, चुंबक घेतलं, आणि प्रेसमागे जाऊन पुन्हा गुडघ्यांवर बसले. खरचटलेला हातच त्यांनी आत घातला. दुसरा तिथवर पोचत नव्हता.

शेठजींनी फोन कानाला लावला.

"हां जी," ते म्हणाले. "नाही. आज माल नाही. गाडी आली तरी रिकामीच जाईन... नाही, लाइट नाही गेली. मशीन बी खराब नाही."

पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोलत होतं. शेठजी प्रेसमागून बाहेर आलेल्या त्या बुटांकडे बघत होते.

"द्या, दुसऱ्याले द्यायची असन तर द्या. मी काय करू?" ते म्हणाले. "प्रेसमधी माणूस हाये."

पलीकडचा आवाज एकदम बदलला असावा. शेठजींनी मान हलवली.

"नाही, नाही, जित्ता हाये. काम करून राहिला तो." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "कधी निघन? ते मी कसं सांगू, साहेब. तो निघन तवा निघन."